आलेच

मंगळवारी रात्री आठला बेल वाजली.
दारात टॅबलेट घेतलेली मुलगी, घामेजलेली, गळ्यात ओळखपत्र.
लोक कसे, किती फिरतात त्याची पाहणी आहे, हिंदीत म्हणाली,
दहाच मिनिटं.

श्रीरंगचं उत्तर तयार होतं.
सव्वासहाला शारजा ते जबल अली, पंच्याऐंशी मिनिटं,
संध्याकाळी तोच रस्ता उलटा, एकशे दहा.
खोटं नाही त्यात काही.
घरी येतो तेव्हा खांद्यावर पट्ट्याचा वळ असतो
आणि जेवण अर्धं होईपर्यंत तो महामार्गावरच असतो.
दोन चौकोन भरले. मुलगी माझ्याकडे वळली.
काल कुठे कुठे गेलात?

कुठेच नाही, म्हणाले.
त्या क्षणी खरंच तसं वाटलं.

मग आठवलं, मुक्ताला खाली शाळेच्या बसपर्यंत. ते धरायचं?
इमारतीबाहेर पाऊल टाकलं असेल तर धरायचं.
टाकलं होतं. बस बावीस मिनिटं आली नाही.
ती बावीस?
तिने बोटाने पडदा वरखाली केला. थांबण्याला चौकोन नव्हता.

पुढचं मी बोलत गेले, ती लिहीत गेली.
मामंजींच्या गोळ्या. कोपऱ्यावरच्या दुकानात रक्तदाबाची होती, साखरेची नव्हती,
म्हणून बसने रोलापर्यंत.
तिथून टायपिंग सेंटर, त्यांच्या व्हिसाची मुदत,
फोटोमागे निळा रंग चालत नाही म्हणाले, पांढरा हवा,
म्हणून पुन्हा रस्ता ओलांडून फोटोवाल्याकडे.
जूनचं ऊन. थांब्यावरची सावली भरलेली होती,
मी दिव्याच्या खांबाच्या सावलीत उभी राहिले, खांबाएवढी होऊन.
आणि झुबेदाचं पार्सल,
कारण निघताना लिफ्टमध्ये भेटली आणि म्हणाली,
जातेच आहेस तर.

उद्देश? मुलीने विचारलं. काम, शिक्षण, खरेदी, इतर. एकच निवडा.
हातात कोथिंबिरीची जुडी होती, पर्समध्ये मामंजींचे आठ चेहरे.
तुम्हीच निवडा, म्हटलं.

नोकरीही आहे मला. अकरा ते दोन, दातांच्या दवाखान्यात हिशेब लिहिते.
चालत आठ मिनिटं.
दुबईतली पगाराने दुप्पट होती, ती सोडली,
कारण तिथून शाळेचा फोन पन्नास मिनिटं लांब होता.
हे तिने विचारलं नव्हतं. श्रीरंगने रिमोट खाली ठेवला.

सहाव्या चौकोनापाशी टॅबलेट अडला.
एका माणसाला एका दिवसात सहाच.
उरलेलं 'इतर'मध्ये एकत्र टाकते, ती म्हणाली, जरा ओशाळून.

दोष तिचा नाही. मीच कधी जाते म्हणत नाही.
आईने शिकवलं, जाते म्हणू नये, येते म्हणावं,
त्याचंही पुढे आखडून आलेच झालं,
चप्पल पायात सरकवता सरकवता, अर्ध्या दाराआडून, आलेच,
जणू निघायच्या आधीच परतले आहे,
जणू मधलं काही घडायचंच नाही.
तो निघतो म्हणतो. ते मोजता येतं.

ती गेली. पाण्याची बाटली टीपॉयवर विसरली.
मी घेऊन धावले, सवयीने आलेच म्हणाले,
लिफ्टपाशी सापडली, अजून चार मजले बाकी होते तिचे.

मग मी लगेच वळले नाही.
जिन्याच्या खिडकीतून दुबईकडून येणारे दिवे दिसत होते,
पांढरे, एकाला एक चिकटलेले, मुंगीच्या पावलाने.
काच अजून गरम होती.
पाहत उभी राहिले. काही आणायचं नव्हतं, कुणाला न्यायचं नव्हतं.
आतून श्रीरंगने विचारलं, कुठे आहेस?
मी ओ दिली नाही.
गेले होते.